तस्करीतून सुटलेल्या व्यक्तींसाठी शेती व रोजगार प्रशिक्षण: उपक्रम उभारताना काय, कधी आणि कसे करावे

मानवी तस्करीतून सुटलेल्या व्यक्तींसाठी एखादे शेत घ्यावे, तिथे त्यांना सेंद्रिय शेती शिकवावी आणि मालाच्या विक्रीतून संस्थेचा थोडाफार खर्च भागवावा, ही कल्पना कोणालाही पटकन पटते. देणगीदारांना ती लगेच समजते आणि कार्यकर्त्यांनाही उत्साह येतो. मात्र पुढील वर्णन जरा सावकाश वाचून पाहावे. वस्तीपासून दूर असलेली जागा, रात्री कुलूप लागणारे फाटक, ओळखपत्रे कार्यालयाच्या कपाटात, फोन वापरायला परवानगी हवी, राहणे-जेवणे मालकाकडून, दिवसभर शेतात काम आणि मजुरी नाही. हे वर्णन सद्हेतूने चालवलेल्या पुनर्वसन केंद्राचे असू शकते आणि सक्तीच्या मजुरीच्या तळाचेही असू शकते. असा उपक्रम सुरू करणाऱ्याने पिके, खते आणि बाजारपेठ यांच्याही आधी या साम्याचा विचार करावा, कारण पुढचे बहुतेक निर्णय त्यावरच ठरतात.

आधी स्वतःच्या संस्थेची तपासणी

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीची मजुरी ओळखण्यासाठी ११ खुणा सांगितल्या आहेत: अगतिकतेचा गैरफायदा, फसवणूक, हालचालींवर बंधने, एकटे पाडणे, शारीरिक व लैंगिक हिंसा, धाकदपटशा, ओळखपत्रे ताब्यात ठेवणे, वेतन अडवून ठेवणे, कर्जाच्या विळख्यात अडकवणे, कामाची व राहण्याची वाईट परिस्थिती आणि अतिरेकी जादा काम. ही यादी सहसा गुन्हेगारांना ओळखण्यासाठी वापरली जाते. तिचा पहिला वापर आपल्या स्वतःच्या नियमावलीवर करावा. विश्वस्त, व्यवस्थापक आणि शक्य असल्यास पूर्वी अशा अनुभवातून गेलेली, मानधन घेऊन सल्ला देणारी व्यक्ती यांनी एकत्र बसून प्रत्येक खुणेसमोर आपल्याकडची प्रत्यक्ष पद्धत लिहून काढावी. कागदपत्रे कोणाकडे राहतात, कपाटाची किल्ली कोणाकडे असते, फाटकाबाहेर जाण्यासाठी कोणाला विचारावे लागते, एखाद्या दिवशी काम नको म्हटले तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काय होते, या प्रश्नांची उत्तरे 'आमच्याकडे तसे काही नसते' अशी मोघम नकोत, नेमकी हवीत.

सुरक्षिततेसाठी काही बंधने लागतातच, कारण तस्करांकडून माग काढला जाण्याचा धोका खरा असतो. पण अशा प्रत्येक बंधनामागचे कारण लेखी असावे, ते संबंधित व्यक्तीला तिच्या भाषेत समजावलेले असावे, त्याची मुदत ठरलेली असावी आणि त्याविरुद्ध तक्रार करण्याची जागा संस्थेच्या बाहेर असावी. रोज ज्यांच्याशी गाठ पडते, त्या व्यवस्थापकांकडेच तक्रारपेटीची किल्ली असेल, तर त्या पेटीत तक्रारी पडणार नाहीत.

शेतात पाऊल ठेवण्याआधी

संयुक्त राष्ट्रांचा मानवी तस्करीविषयीचा प्रोटोकॉल नोव्हेंबर २००० मध्ये स्वीकारला गेला आणि डिसेंबर २००३ मध्ये अमलात आला. त्याच्या सहाव्या कलमात पीडितांच्या शारीरिक, मानसिक व सामाजिक पुनर्वसनासाठी निवारा, समुपदेशन, वैद्यकीय मदत आणि रोजगार, शिक्षण व प्रशिक्षणाच्या संधी यांचा एकत्र उल्लेख आहे. यांपैकी फक्त शेवटची बाब आपल्या संस्थेला जमत असेल, तर बाकीच्या बाबी पुरवणाऱ्या संस्थांशी लेखी करार झाल्याशिवाय कोणालाही दाखल करून घेऊ नये. समुपदेशक नसलेल्या शेतावर एखाद्या दुपारी कोणाला जुन्या आठवणींचा झटका आला, तर तिथला शेतीतज्ज्ञ काय करणार आहे?

सुटका झाल्यानंतरचे पहिले काही आठवडे कामाचे नसतात. युरोप परिषदेच्या मानवी तस्करीविरोधी २००५ च्या करारात सावरण्यासाठी आणि विचार करण्यासाठी किमान ३० दिवसांचा अवधी ठरवून दिला आहे, आणि मदत ही साक्ष देण्याच्या अटीवर अवलंबून असू नये, असेही त्यात स्पष्ट केले आहे. हा करार लागू नसलेल्या देशातही ही दोन्ही तत्त्वे आपल्या नियमावलीत घालता येतात. त्यांच्या जोडीला आणखी एक नियम हवा: निवारा मिळणे हे शेतीच्या प्रशिक्षणाला होकार देण्यावर अवलंबून नसावे. ज्या व्यक्तीला शेतात जायचे नाही, तिचे अंथरूण आणि जेवण तसेच चालू राहिले पाहिजे. ही अट पाळली नाही, तर तिचा होकार हा होकार ठरत नाही.

पहिल्या भेटीत पूर्वानुभवाची चौकशी मोजकीच करावी. जागतिक आरोग्य संघटनेने तस्करीग्रस्त स्त्रियांच्या मुलाखतींसाठी २००३ मध्ये दिलेल्या सूचनांचा गाभा इजा न करणे हाच आहे, आणि प्रशिक्षणाच्या प्रवेशासाठी शोषणाची सगळी हकीकत लागतही नाही. एवढेच विचारावे की कोणते काम, कोणती जागा किंवा कोणता वास तिला नको आहे. हा प्रश्न शेतीच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे, कारण सक्तीची मजुरी जिथे जिथे आढळते त्यांत शेती हे प्रमुख क्षेत्र आहे. ज्या पुरुषाला किंवा स्त्रीला पहाटे वाहनात कोंबून मळ्यावर नेले जात होते, त्या व्यक्तीला हिरवे शेत आपोआप शांती देईल, असे गृहीत धरणे हा भाबडेपणा आहे. अशा व्यक्तीला स्वयंपाकघर, हिशेब, शिवणकाम किंवा वाहन दुरुस्ती यांतले काही पहिल्या दिवसापासून निवडता आले पाहिजे.

आरोग्य तपासणीत पाठ, सांधे, श्वसन आणि त्वचा यांकडे खास लक्ष द्यावे आणि मातीत काम सुरू होण्यापूर्वी धनुर्वाताची लस दिली गेली आहे ना, हे पाहावे. वयाची खात्री करणेही इथेच येते. १८ वर्षांखालील मुलामुलींचे कार्यक्रम पूर्णपणे वेगळे असावेत, त्यांत शाळा आधी यावी, आणि यंत्रे, रसायने, उंचावरची किंवा ओझ्याची कामे त्यांना अजिबात देऊ नयेत. शेतीतील सुरक्षा व आरोग्याविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००१ चा १८४ क्रमांकाचा करार धोक्याच्या कामांसाठी हीच वयोमर्यादा सांगतो.

जमीन निवडताना

सुपीक आणि स्वस्त जमीन बहुधा दूर असते, आणि दूर असणे हीच तिची खोट ठरते. दवाखाना, न्यायालय, बँक आणि सार्वजनिक वाहतूक यांपर्यंत प्रशिक्षणार्थीला संस्थेच्या गाडीशिवाय पोहोचता येईल, अशी जागा थोडी लहान किंवा थोडी हलक्या मातीची असली तरी पत्करावी. माती सुधारता येते, पण अंतर कमी करता येत नाही. शक्य असेल तर निवास आणि शेत वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावेत, म्हणजे कामावरून घरी जाणे ही साधी गोष्ट पुन्हा अंगवळणी पडते आणि शेताचा पत्ता ग्राहकांना कळला तरी निवाऱ्याचा पत्ता गुप्त राहतो.

भाडेकरार पाच वर्षांहून कमी मुदतीचा नसावा. सेंद्रिय पदार्थ घालून मातीचा कस वाढायला काही हंगाम जातात, आणि तो वाढल्यावर जमीन परत करावी लागली तर सगळी मेहनत वाया जाते. करारापूर्वी पाणी आणि माती दोन्ही तपासून घ्यावीत. भाजीपाल्यासाठी साधारण १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती शेतातल्या अनेक ठिकाणांहून घेऊन, एकत्र मिसळून तिचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा. बहुतेक भाज्यांना ६ ते ७ च्या दरम्यानचा सामू (पीएच, म्हणजे मातीच्या आम्ल-अल्कपणाचे माप) मानवतो. जागा पूर्वी कारखान्याची किंवा कचरा टाकण्याची असेल, तर जड धातूंची तपासणी वेगळी करावी. सावलीची बसण्याची जागा, पिण्याचे पाणी आणि आतून कडी लागणारी स्वच्छतागृहे ही पेरणीच्या आधीची कामे आहेत.

पहिल्या वर्षाचे पीक नियोजन

पहिल्या हंगामाचा हेतू उत्पन्न मिळवणे हा नसावा. आपण लावलेले उगवते आणि ते आपल्या हाताने काढता येते, हा अनुभव लवकर मिळावा, यासाठी कमी दिवसांची पिके घ्यावीत. मुळा साधारण चार आठवड्यांत काढता येतो, पालेभाज्या महिना-दीड महिन्यात तोडणीला येतात. शेंगवर्गीय पिकांना थोडा जास्त वेळ लागतो, पण त्यांच्या मुळांवरच्या गाठींमधील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, आणि उपटलेल्या रोपाच्या मुळाशी त्या गाठी प्रत्यक्ष दाखवता येत असल्याने मातीचा धडा पुस्तकाविना शिकवता येतो. फळझाडे जरूर लावावीत, पण ती संस्थेसाठी लावावीत. सहा महिन्यांत पुढे जाणाऱ्या व्यक्तीला तिने लावलेल्या झाडाचे फळ दिसणार नाही, हे तिला आधीच सांगावे.

एक ते सव्वा मीटर रुंदीचे गादीवाफे करावेत, म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोहोचतो आणि वाफ्यावर पाय पडत नाही. पाठीचे दुखणे असलेल्यांसाठी काही वाफे कमरेच्या उंचीला बांधून घ्यावेत. प्रत्येक प्रशिक्षणार्थीला एक वाफा पूर्णपणे स्वतःचा द्यावा. तिथे काय लावायचे, कधी काढायचे, विकायचे की खायचे, हे तिने ठरवावे, आणि तिने फुले लावली किंवा वाफा पडीक ठेवला तरी त्यावर कोणी शेरा मारू नये. दीर्घकाळ ज्याच्या वतीने सगळे निर्णय दुसऱ्यांनी घेतले, त्याला निर्णयाचा सराव लागतो, आणि चुकला तरी चालेल असा निर्णय शेतीत स्वस्तात मिळतो.

खताचा ढीग हा प्रशिक्षणाचा चांगला आरंभ आहे. वाळलेला पालापाचोळा व काड्या यांत ओला हिरवा कचरा आणि शेण अशा बेताने मिसळावे की कर्ब आणि नत्राचे प्रमाण २५ ते ३० ला १ च्या आसपास राहील. ओलावा मुठीत दाबल्यावर एखाद-दोन थेंब निघतील इतका असावा. व्यवस्थित रचलेला ढीग आतून ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. रोगजंतू आणि तणांचे बी मरावे म्हणून उघड्या लांबट ढिगात ५५ अंशांवरचे तापमान किमान १५ दिवस टिकवून त्या काळात तो पाच वेळा परतवण्याचा दंडक वापरला जातो. लांब दांड्याचा तापमापक घेऊन रोजची नोंद लिहिण्याचे काम एकाकडे सोपवावे. ज्याला अजून खुरपे धरवत नाही किंवा माणसांत मिसळवत नाही, त्यालाही ते करता येते, आणि त्या वहीतून आलेख काढणे, सरासरी काढणे अशी अंकगणिताची उजळणीही होते. ताजे शेणखत मात्र उभ्या भाजीला देऊ नये. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांनुसार मातीला टेकणाऱ्या पिकांच्या बाबतीत ते जमिनीत मिसळल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवस जावे लागतात.

अळिंबी (मशरूम) लागवडीचा सल्ला अशा उपक्रमांना हटकून मिळतो, कारण जागा कमी लागते आणि पैसा लवकर हाती येतो. सल्ला वाईट नाही, पण बंद अंधाऱ्या खोलीत तासन्‌तास काम करणे हे कोंडून ठेवलेल्या माणसासाठी काय असेल, याचा विचार सल्ला देणारे करत नाहीत. शिवाय धिंगरी अळिंबीच्या बीजाणूंमुळे फुप्फुसांना ॲलर्जीचा त्रास होऊ शकतो, म्हणून मास्क आणि खेळती हवा हवीच.

सेंद्रिय प्रमाणपत्राच्या भरवशावर पहिल्या वर्षांचा ताळेबंद मांडू नये. जमीन रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळवण्याचा संक्रमणकाळ युरोपीय संघात हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वी दोन वर्षे, तर अमेरिकेत काढणीपूर्वी तीन वर्षे असा आहे. लहान शेतांसाठी सहभागी हमी पद्धत, म्हणजे शेजारच्या शेतकऱ्यांनी आणि ग्राहकांनी मिळून केलेली पाहणी, स्वस्त पडते. पण त्यात अनोळखी माणसे शेतावर येतात, म्हणून पाहणीचा दिवस आधी सर्वांना सांगावा आणि त्या दिवशी न येण्याची मुभा पगार न कापता द्यावी.

शिकवण्याची पद्धत

मोठ्या आघातानंतर झोप मोडते, लक्ष टिकत नाही आणि काल सांगितलेले आज आठवत नाही. हे आळसाचे किंवा अनास्थेचे लक्षण नसते, हे शेतीच्या प्रशिक्षकाला नेमणुकीच्या वेळीच शिकवावे लागते. सूचना २० ते ३० मिनिटांच्या तुकड्यांत द्याव्यात, आधी करून दाखवावे, मग एकत्र करावे आणि मग त्या व्यक्तीला एकटीने करू द्यावे. चित्रांचे फलक अवजारांच्या खोलीत लावावेत. शेतीची कामे पहाटे उरकण्याची रीत असली तरी रात्र जागून काढणाऱ्यांसाठी उशिराची पाळी ठेवावी. भर उन्हाची वेळ टाळली की एवढे जमते.

काही बारकावे वरवर क्षुल्लक वाटतात, पण त्यांवर बरेच अवलंबून असते. शिट्टी किंवा घंटा वाजवून सर्वांना रांगेत उभे करू नये. प्रशिक्षकाने कोणाच्याही मागे उभे राहून देखरेख करू नये, समोर किंवा बाजूला बसून स्वतःही निंदणी करावी. हाताला धरून विळा कसा चालवावा हे दाखवण्याची सवय अनेक चांगल्या शेतकऱ्यांना असते, ती सोडावी लागते, कारण स्पर्श करण्यापूर्वी विचारणे हा इथे शिष्टाचार नसून नियम आहे. विळे, कोयते, कात्र्या यांची मोजदाद करून त्या कुलपात ठेवाव्यात. रासायनिक कीटकनाशके शेतावर मुळीच न ठेवण्याचे एक कारण पर्यावरण हे आहे, तर दुसरे, याहून तातडीचे कारण म्हणजे निराशेच्या क्षणी हाताशी विष असू नये.

विद्यावेतन आणि हिशेब

विकला जाणारा माल ज्याच्या कष्टातून पिकतो, त्याला मोबदला मिळालाच पाहिजे. शिकण्याचे तास आणि उत्पादनाचे तास हजेरीपटावर वेगळे मांडावेत. पहिल्यासाठी विद्यावेतन आणि दुसऱ्यासाठी त्या ठिकाणच्या कायद्याने ठरवलेल्या किमान वेतनाहून कमी नाही इतकी मजुरी द्यावी. राहण्याजेवणाचा खर्च त्यातून कापू नये, कारण आगाऊ रक्कम, खाणावळ आणि भाडे यांच्या नोंदींनीच अनेकांना पूर्वी कर्जात अडकवलेले असते. पैसे त्या व्यक्तीच्या स्वतःच्या नावच्या खात्यात जावेत. खाते उघडायला ओळखपत्र लागते आणि ते मिळवायला महिने लागू शकतात, म्हणून हे काम प्रवेशाच्या आठवड्यातच सुरू करावे. तोवर रोख रक्कम सही घेऊन द्यावी, 'तुमच्यासाठी जपून ठेवतो' असे म्हणू नये. दर महिन्याला मिळणारे पगारपत्रक वाचण्याची तासिका ठेवावी. तास, दर आणि कपात स्वतः पडताळता येणे हे पुढच्या नोकरीत फसवणूक टाळण्याचे सर्वांत उपयोगी कौशल्य आहे.

संस्थेच्या बाजूने दोन वेगळी खाती हवीत, एक सेवांचे आणि एक शेतीचे. समुपदेशन, कायदेशीर मदत आणि निवारा यांचा खर्च भाजी विकून निघत नाही आणि निघावा अशी अपेक्षाही ठेवू नये. ती अपेक्षा ठेवली की कमी उत्पन्नाच्या महिन्यात कोणाला तरी जादा तास काम करण्याची गळ घातली जाते.

शेतीपलीकडचा रोजगार

बाहेर पडणाऱ्या बहुतेकांकडे स्वतःची जमीन नसते. म्हणून शेतीचे प्रशिक्षण अशा घटकांत विभागावे, जे जमिनीशिवायही विकता येतात: रोपवाटिकेतील कलमे व रोपे तयार करणे, ठिबक सिंचनाची जोडणी व दुरुस्ती, बागांची देखभाल, प्रतवारी व वेष्टन, अन्नप्रक्रियेतील स्वच्छता, साठ्याच्या नोंदी. अभ्यासक्रम ठरवण्यापूर्वी जवळपासच्या नोकरी देणाऱ्यांना भेटून गेल्या वर्षात त्यांनी कोणत्या कामासाठी माणसे घेतली हे विचारावे. शिवण आणि मेणबत्त्या यांचे वर्ग सोपे असल्याने सगळीकडे चालतात, पण त्यांतून पोट भरते का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

प्रमाणपत्रावर निवारागृहाचे किंवा संस्थेचे नाव नसावे, कारण ते नाव वाचूनच वाचणाऱ्याला बरेच काही कळते. मान्यताप्राप्त प्रशिक्षण मंडळाचे प्रमाणपत्र मिळेल अशी व्यवस्था करावी. नोकरी देणाऱ्याला पूर्वायुष्य सांगायचे की नाही, हे त्या व्यक्तीने ठरवावे, आणि संस्थेच्या बाजूने फोन करणाऱ्यानेही स्वतःची ओळख त्याप्रमाणेच करून द्यावी. नोकरीचे ठिकाण आधी कोणीतरी पाहून यावे. नेमणुकीसाठी शुल्क मागणारा मध्यस्थ, लेखी करार नसणे किंवा ओळखपत्र जमा करून घेणे यांपैकी एकही गोष्ट दिसली, तर ती जागा सोडून द्यावी. शोषणाच्या काळात ज्यांच्याकडून जबरदस्तीने गुन्हे करवून घेतले गेले, त्यांच्या नावावर खटले राहिलेले असतात, आणि पार्श्वभूमी तपासणीत ते पुढे येतात. म्हणून वकिलाचे काम नोकरीच्या शोधाच्या कितीतरी आधी सुरू व्हायला हवे.

विक्री आणि ओळख

माल चव, ताजेपणा आणि वेळेवर पोच यांवर विकावा. टोपलीवर 'तस्करीग्रस्तांनी पिकवलेले' अशी चिठ्ठी लावली की पहिल्या आठवड्यात विक्री वाढते, पण ती टोपली घेऊन बसलेल्या व्यक्तीकडे प्रत्येक गिऱ्हाईक कुतूहलाने पाहू लागते. छायाचित्रांसाठी घेतलेली संमती कधीही मागे घेता आली पाहिजे. समाजमाध्यमांवर गेलेले छायाचित्र मागे घेणे जवळजवळ अशक्य असल्याने चेहरा, गोंदण, आवाज आणि ओळखू येणारा परिसर टाळणेच बरे. देणगीदारांच्या भेटी पीक आणि हिशेब पाहण्यापुरत्या ठेवाव्यात. कोणाला आपली कहाणी सांगायचीच असेल, तर त्या वेळेचे मानधन द्यावे.

बाहेर पडणे आणि त्यानंतर

अभ्यासक्रमाचा शेवट पहिल्या आठवड्यातच ठरवावा, पण तो सर्वांसाठी एकाच तारखेला नसावा. शेवटच्या काही महिन्यांत आठवड्यातील दिवस हळूहळू बाहेरच्या कामाकडे वळवावेत. घरभाड्याची अनामत, कामाची अवजारे आणि पहिला पगार हाती येईपर्यंतचा खर्च यांसाठी परत न करावयाचा निधी राखून ठेवावा. इथे कर्ज देणे टाळावे. नंतर वर्ष-दोन वर्षे संपर्क ठेवावा, तोही त्या व्यक्तीने सांगितलेल्या पद्धतीने आणि वेळी. काहींना पुन्हा कधीच फोन यायला नको असतो, आणि त्याची नोंद यशाच्या रकान्यात करता आली पाहिजे. नोकरी सुटली किंवा प्रकृती ढासळली, तर पुन्हा अर्ज न करता परत येता यावे, यासाठी एक-दोन जागा नेहमी रिकाम्या ठेवाव्यात. देणगीदारांच्या अहवालात त्या रिकाम्या दिसतात, म्हणून त्यांचे कारण तिथेच लिहून टाकावे.

उरते ती कागदपत्रांची फाइल. निघताना तिची एक प्रत त्या व्यक्तीला द्यावी, त्यात काय लिहिले आहे ते वाचून दाखवावे, चुकीचे असेल ते दुरुस्त करावे आणि मूळ फाइल किती काळ, कोणाच्या ताब्यात राहील आणि कोणत्या दिवशी नष्ट होईल, हे लेखी द्यावे.